काच चाटणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर जुनी काच चाटून ओळखत. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "खरंच ओळखायचे?" मला हो म्हणावं लागतं, आणि हो म्हणताना माझं पोट दुखतं. डॉक्टर आता नाहीत. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात, तर बोलतो; पण ते मला सहन होईल तेवढंच बोलीन.

आधी ही काच कसली ते सांगतो. लोखंडी साच्यात वितळलेली काच ओतायची, वरून दट्ट्या दाबायचा, की वाटी, ताटली, सरबताचा पेला, जे हवं ते नक्षीसकट तयार. हातानं कोरलेली काच श्रीमंतांची. ही तिची नक्कल, तुमच्या-आमच्या आजोबांना परवडणारी. या भांड्यांच्या तळाशी कारखान्याची खूण असते, तांदळाच्या दाण्याएवढी. कधी जहाजाचा नांगर, कधी चांदणी, कधी मुकुट. पिढ्यान्‌पिढ्या राखेनं घासून ती खूण झिजते, आणि मग ती कोणत्या देशातली, कोणत्या कारखान्याची, हे ओळखण्यात आमच्यासारख्यांचे रविवार जातात.

माझी पद्धत शास्त्रीय. मी दातांचा डॉक्टर, त्यामुळे हत्यारं घरचीच. मागचा दात बघायचा छोटा आरसा, भिंग, बाजूनं टाकलेला उजेड. तेवढ्यानं भागलं नाही तर दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा खुणेवर दाबायचा, त्याच्यात प्लास्टर ओतायचं, आणि तो ठसा परदेशी पुस्तकांतल्या चित्रांशी ताडून बघायचा. एका खुणेला कधी महिनाही लागे.

डॉक्टर भांडं घेत, शर्टाच्या टोकानं पुसत, डोळे मिटत आणि जिभेचं टोक खुणेवर ठेवत. जीभ जरा इकडं, जरा तिकडं. मग डोळे उघडून म्हणत, "नांगर. दोरी डाव्या अंगाला हाय." मी भिंग लावून बघायचो. नांगर असायचा. दोरी डाव्या अंगाला असायची.

"जिभेला चष्मा लागत न्हाई, मेडल," ते मला म्हणत. "दातात बडीशेपेचा दाणा अडकला तर जिभेला केवढा वाटतो? आंब्याच्या कोयीएवढा. मग?"

मेडल म्हणजे मी. मुंबईच्या कॉलेजात मला सुवर्णपदक मिळालं होतं. त्यांना शेवटच्या वर्षाची परीक्षा दोनदा द्यावी लागली होती. हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे ते स्वतःच पेशंटांना सांगत. "बेतानं तोंड उघडा काकी, मी एकदा नापास झाल्याला डॉक्टर हाय." काकी हसत, आणि हसताना तोंड आपोआप हवं तेवढं उघडे.

राजारामपुरीत आमचा दवाखाना होता. बाहेर एक बाकडं, आत दोन खुर्च्या, मध्ये प्लायवूडची भिंत. डॉक्टर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांनीच मला भागीत घेतलं, हे खरं आहे आणि लोक मला ते वारंवार ऐकवतात. बाकड्यावर माणसं बसलेली असायची आणि माझी खुर्ची रिकामी. मी दारात येऊन म्हणायचो, "या, मी मोकळा आहे." पेशंट माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याची बसमधली जागा मागतोय.

"ऱ्हाऊ दे की. थोरल्या डॉक्टरांसाठी थांबतो. दात काय पळून जातोय व्हय?"

प्लायवूडच्या पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबलेला, आणि डॉक्टर विचारताहेत, "म्हस किती देतीया आता?" पलीकडून घशातून काहीतरी आवाज. "एका टायमाला? मग चांगलं हाय की." तो आवाज त्यांना कळायचा कसा, मला माहीत नाही. मी माझ्या पेशंटांना म्हशीविषयी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, दातासाठी आलेल्या माणसाला दाताविषयी विचारावं.

माझी आई जयसिंगपूरला एकटी राहायची. तिची दाढ दुखायला लागली तशी ती एसटीनं आली, बाकड्यावर बसली, आणि मी हात धुऊन बाहेर आलो तर ती प्लायवूडच्या त्या बाजूला गेलेली.

"आई, इकडं ये."

"तुझ्याकडं नगं," ती आतूनच म्हणाली. "तू लहानपणी लई धांदरट हुतास. हात सुटला म्हंजे?"

डॉक्टरांनी तिची दाढ काढली. तिला कळलंदेखील नाही म्हणे. पुढं बरीच वर्षं ती पाहुण्यांना सांगायची, "डॉक्टरांचा हात म्हंजे लोणी." पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, माझ्याविषयीच चाललंय.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पेशंट त्यांचे होतेच, मी मागून आलेलो. पण काच माझी होती. हा नाद मला मुंबईला शिकताना लागलेला, कोल्हापुरात तो दुसऱ्या कुणाला नव्हता. दुपारी पेशंट नसले की मी भिंग लावून बसायचो. एका दुपारी सरबताचा पेला घेऊन बसलो होतो. त्याच्या तळाच्या खुणेवर माझे तीन रविवार गेले होते. डॉक्टर डबा खाऊन आले, मिशा पुसत म्हणाले, "बघू दे की." मी दिला. त्यांनी पुसला, डोळे मिटले आणि चाटला.

"मुकुट हाय. खाली दोन टिंबं."

मुकुटच होता. दोन टिंबं मला दिसलीच नव्हती. ती दिसल्यावर पुस्तकात कारखाना लगेच सापडला. मी खुश व्हायला हवं होतं. मी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि डेटॉलनं धुतला.

"रोज लोकांच्या तोंडात हात घालतोस," ते म्हणाले, "एक पेला माझ्या तोंडात गेला तर एवढा का तरफडतोयस?"

त्यानंतर माझा नाद त्यांचा झाला. पेशंटांना कळलं की थोरले डॉक्टर काच ओळखतात, आणि माणसं पोटमाळ्यावरची भांडी पिशवीतून आणायला लागली. दात दुखत नसले तरी यायची. बाकड्यावर बायका मांडीवर फळांचे वाडगे घेऊन बसलेल्या. कुणी चिनी मातीची बरणी आणायचं, कुणी प्लास्टिकचा मगसुद्धा. डॉक्टर प्लास्टिकचा मगही उलटा करून बघायचे, माणसाचं मन मोडू नये म्हणून. एकदा एका काकांनी जाडजूड हिरवा पेला आणला. डॉक्टरांनी डोळे मिटून तो चाटला, चांदणी आहे म्हणून सांगितलं, आणि मग विचारलं, "घरात कशाला वापरताय?"

"कवळी ठेवतो की रातची," काका म्हणाले. "आत्ताच काढून घातली बगा तोंडात."

बाकड्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. डॉक्टरांनी मिशा पुसल्या. मग म्हणाले, "तरीच जरा खारट लागलं," आणि सगळा दवाखाना हसून लोटपोट झाला. काका तर डोळे पुसेपर्यंत हसले. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून विचार करत होतो की हेच माझ्या बाबतीत घडलं असतं तर काका दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते.

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजूला जुन्या सामानाचे ढीग लागतात. तिथं मी आधी एकटा जायचो. भंगारवाले मला ओळखायचे, म्हणजे ओळखून किंमत चढवायचे. डॉक्टर बरोबर यायला लागले तसे ते त्यांच्याशी बोलायला लागले. एक मुसलमान चाचा होते, त्यांचे वडीलही तिथंच बसायचे. डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्या ढिगातली वाटी उचलून चाटली तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, लोणचं हाय व्हय त्यात?"

"लोणचं असतं तर भाकरी मागितली असती," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या रविवारी चाचांनी खरोखरच भाकरी आणि लोणचं आणलं होतं. दोघं पोत्यावर बसून खात होते. मलाही विचारलं. मी म्हणालो, नाश्ता झालाय. झाला नव्हता.

मागायला त्यांना कधी लाज वाटली नाही, हेही सांगायला हवं. माझी परदेशी पुस्तकं त्यांनी मागून नेली आणि ती त्यांच्याकडेच राहिली. पेशंटकडं गेले की घरची चटणी मागायचे, दुसऱ्याच्या बागेतला कढीपत्ता मागायचे, एसटीत शेजारच्याचा पेपर मागायचे. लोकही आनंदानं द्यायचे. मी कुणाकडे काही मागत नाही. आमच्या घरात मागणं कमीपणाचं समजत. हवं ते समजून कुणीतरी द्यावं, असं मला नेहमी वाटत आलं, आणि कुणी दिलं नाही की मी ते लक्षात ठेवतो.

आता ताटलीचं सांगतो. जयसिंगपूरच्या घरी आईकडे पानसुपारीची एक काचेची ताटली होती. काकवीच्या रंगाची, काठ नागमोडी, पोटात सूर्यफूल. तळाला एक खूण, इतकी झिजलेली की बोटाला नुसता उंचवटा लागावा. मला काचेचा नाद लागला तो खरं तर या ताटलीमुळं. सुट्टीत घरी गेलो की मी ती खिडकीत नेऊन भिंगाखाली धरायचो. ठसे घेतले, फोटो काढले, पुस्तकं चाळली. एक वाकडी मान दिसायची आणि वर काहीतरी टोकदार. जगातल्या कोणत्याच पुस्तकात ती खूण नव्हती. आई स्वयंपाकघरातून बघायची, काही बोलायची नाही. ती ताटली शेवटी माझ्याकडेच येणार, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. म्हणून मीही कधी काही बोललो नाही.

एकदा सांगलीला कुणाच्या लग्नाला जाताना डॉक्टर म्हणाले, वाटेत आईकडं जेवू. आईनं त्यांना बघितलं आणि तिला काय करू नि काय नको असं झालं. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला. जेवण झाल्यावर तिनं त्या ताटलीत पानसुपारी पुढं केली. डॉक्टरांनी सुपारी तोंडात टाकली, उरलेली एका वाटीत काढली, ताटली उलटी केली आणि चाटली.

आई पदर तोंडाला लावून हसली. "अगं बाई, ह्ये काय वो डॉक्टर?"

डॉक्टर डोळे मिटून बसले होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, "मोर. मोराची मान, आन वर तुरा. इंग्लंडची हाय, आई. तुमच्या घरात राणीच्या मुलखातली ताटली हाय आन तुम्ही त्यात सुपारी ठेवताय."

मला वाटलं, नाही. मोर नाही. का नाही ते सांगता येईना, पण मान मोरासारखी वळत नव्हती. मी म्हणालो, "डॉक्टर, इंग्लंडच्या मोराचा ठसा माझ्याकडे आहे. हा तो नाही."

"तुला काय कळतंय," आई म्हणाली. "इतकी वर्सं भिंग लावून बसलास. एक अक्षर तरी सांगितलंस का मला? ह्येनी एका घडीत सांगितलं."

मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. हात आधीच धुतलेले होते. परत आलो तर ताटली वर्तमानपत्रात गुंडाळून डॉक्टरांच्या मांडीवर होती, आणि आई त्या कागदावर सुतळी बांधत होती.

गाडीत डॉक्टर सांगलीपर्यंत आईच्या पांढऱ्या रश्शाविषयी बोलत राहिले. ताटली त्यांच्या घरी काचेच्या कपाटात मधल्या फळीवर गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे. "आमच्या मेडलच्या आईनं दिलीया. विलायती मोर." ते दिलीया ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटच्या पोराला सोडून तिनं ती परक्याला दिली, कारण त्यानं ती चाटली. मी आईला कधी विचारलं नाही. काही वर्षांनी ती गेली. घरातलं सामान आवरताना मी ट्रंक, फडताळ, माळा सगळं बघितलं. त्या ताटलीची जोडीदारीण कुठं असेल तर बघावी म्हणून. नव्हती.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. तो मोर नाही हे सिद्ध करायचं, आणि ताटली परत आणायची.

डॉक्टर पुढं थकले, दवाखान्यात यायचे बंद झाले. दवाखाना माझ्या एकट्याचा झाला. बाकड्यावरचे लोक विचारायचे, "थोरलं डॉक्टर कवा येत्यात?" मी सांगायचो, आता येत नाहीत. मग त्यातले काही उठून त्यांच्या घरी जायचे, नुसतं बोलायला.

आमचं कुलदैवत डोंगरावरचा जोतिबा. आई असताना ती दर वर्षी जायची. ती गेल्यावर मी जायला लागलो. एका रविवारी दर्शन घेऊन पायऱ्या उतरत होतो. सगळीकडे गुलाल. माणसं, कुत्री, पायऱ्या, सगळं गुलाबी. एका दुकानदारानं हाक मारली, "या पावणं, गुलाल घ्या, खोबरं घ्या." त्याच्या फळीवर गुलालाचा ढीग होता आणि ढिगाखालून काच दिसत होती. नागमोडी काठ. मी गुलाल बोटानं बाजूला सारला. खाली काकवीचा रंग.

"ही ताटली बघू का जरा?"

"ताटली? ती कशाला? गुलाल बघा की."

त्यानं गुलाल कागदावर ओतला आणि ताटली दिली. मागच्या नळावर मी ती धुतली. गुलाबी पाणी किती वेळ जात राहिलं. मग मी ती उन्हात धरली. या ताटलीला कधी राखेनं कुणी घासलं नव्हतं, ती जन्मभर गुलालाखाली झाकून राहिलेली, त्यामुळं खूण जशीच्या तशी. वळलेली मान. मानेवर आयाळ. दोन उभे कान. तोंडात लगाम. झिजून दोन्ही कान एक झाले, आयाळ पुसली, की उरणार वाकडी मान आणि वर तुरा.

"आमच्या आज्याच्या टायमाची हाय," दुकानदार मागून म्हणाला. "कुठल्यातरी काचंच्या कारखान्यात आज्यानं खास करून घेतलेल्या, गाडीभर. यात्रंत इकायचा, गुलालासंगट. खाली घोडा हाय बगा. देवाचा घोडा."

जोतिबाचं वाहन घोडा. लहानपणापासून त्या देवळात जातोय, घोड्याला नमस्कार करतोय. आणि मी ती खूण इंग्लंड, बेल्जियम, जपानच्या पुस्तकांत शोधत होतो, आणि डॉक्टर तिला मोर म्हणत होते. आमच्या दोघांपैकी कुणाला डोंगराकडं बघायचं सुचलं नाही.

दुकानदार म्हणाला, "आवडली तर न्या की तशीच. ताटलीचं काय एवढं." मला कुणाचं फुकट नको असतं. मी पैसे दिले. त्याला ते घेताना अवघड वाटत होतं.

डोंगर उतरून मी घरी गेलो नाही, थेट डॉक्टरांकडे गेलो. इतका आनंद मला पदक मिळालं तेव्हाही झाला नसेल. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. डॉक्टर, जीभ चुकली. डॉक्टर, हा मोर नाही. डॉक्टर, आता माझ्या आईची ताटली मला द्या. हे शेवटचं वाक्य जुळत नव्हतं. मी ठरवलं, ते म्हणायचीच गरज पडणार नाही. चूक कळली की माणूस स्वतःहून देतो.

डॉक्टर खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेंगा फोडत होत्या. मी कपाट उघडलं, आईची ताटली काढली, पिशवीतली दुसरी काढली, दोन्ही त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणालो, "चाटा."

त्यांनी आधी आईची चाटली. मग दुसरी. दुसऱ्या ताटलीवर जीभ ठेवली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो पडायची मी किती वर्षं वाट बघितली होती.

"घोडा," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "अगं, घोडा हाय ह्यो."

मी डोंगरावरचं सगळं सांगितलं. ऐकताना ते लहान पोरासारखे खुर्चीत पुढं सरकत गेले. चेहरा पडायचं नावच नाही. मांडीवर थाप मारली. "आयला, मेडल. इतकी वर्सं मी मोर मोर म्हणतोय, आन ह्यो आपल्या डोंगरावरचा घोडा. राणीच्या मुलखातला म्हणत हुतो की मी. लोकं जोडं मारतील आता." आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. वहिनीही हसल्या. मग त्यांनी फोन उचलला. पहिला फोन लक्ष्मीपुरीच्या चाचांना. "चाचा, ऐका, माझी जीभ कशी गाढव निघाली त्ये सांगतो." दुसरा कुणा जुन्या पेशंटला. तिसऱ्या फोनपर्यंत गोष्ट चांगली रंगली होती. "कुणी शोधलं? हाय एक दोस्त माझा," एवढंच माझ्या वाट्याला आलं.

ती गोष्ट पुढं गावभर झाली. काही महिन्यांनी औषधं विकणारा एक पोरगा माझ्याच दवाखान्यात बसून मला म्हणाला, "सर, थोरल्या डॉक्टरांचा मोराचा किस्सा ठाऊक हाय का तुम्हाला?" त्याच्या गोष्टीत डॉक्टर स्वतः जोतिबाला जातात, गुलालानं भरलेली ताटली चाटतात आणि गुलाबी जीभ काढून घोडा म्हणून ओरडतात. मी म्हणालो, ठाऊक नाही. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिलो. चांगली गोष्ट होती. माझी कुणी चूक काढली तर मी आठवडाभर जेवत नाही. या माणसाची चूकसुद्धा लोक मिठाईसारखी वाटत फिरत होते.

पण त्या दिवशी, फोन संपल्यावर, मी विचारलं. तेवढं एक मी विचारलं.

"डॉक्टर, आईनं ही तुम्हाला का दिली?"

"दिली कुठं? मी मागितली," डॉक्टर म्हणाले. "तू हात धुवायला गेलास, मी म्हणलं, आई, मला द्या की ही, लई आवडली. त्या म्हणल्या, घेऊन जावा की." मग त्यांनी माझी, डोंगरावरून आणलेली ताटली उचलली, आईच्या ताटलीवर ठेवली, दोन्ही छातीशी धरल्या आणि माझ्याकडे बघितलं. "मेडल, ही बी मला दे की. जोडी हुईल."

काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी एक परत न्यायला आलो होतो. आणि मी म्हणालो, "घ्या." नुसतं म्हणालो नाही, मला देताना बरं वाटलं. आईला कसं वाटलं असेल ते त्या क्षणी मला कळलं. रंकाळ्यापर्यंत ते बरं वाटणं टिकलं. तिथं सिग्नलला थांबलो तेव्हा रिकामी पिशवी हँडलला लटकत होती, आणि मी हेल्मेटच्या आत डॉक्टरांना मोठमोठ्यानं शिव्या देत होतो.

पुढं डॉक्टर गेले. गर्दी इतकी की गल्लीत गाडी शिरेना. चाचा होते, कवळीचे काका होते, मला न ओळखणारे पुष्कळ होते. सगळं पार पडल्यावर काही दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. कपाटाचं दार उघडून म्हणाल्या, "भावजी, ह्यातलं मला काय कळत न्हाई. तुम्हाला काय पायजे त्ये घ्या. ह्यांनीच सांगितलंवतं, मेडलला बोलवून दाखव म्हणून."

मी मधली फळी बघितली. तिथं एक निळा वाडगा होता. वरची बघितली, खालची बघितली. वहिनी वाट बघत उभ्या होत्या. मी कुणाकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळं शब्द बाहेर पडायला वेळ लागला.

"वहिनी, त्या दोन ताटल्या. काकवीच्या रंगाच्या. त्या मला द्याल?"

"घोड्याच्या व्हय?" वहिनी म्हणाल्या. "त्या कवाच गेल्या की. कळंब्याच्या एक आजी यायच्या ह्यांच्याशी बोलायला. त्यांनी बघितल्या, म्हणल्या, जोतिबाचा घोडा हाय, मला द्या, देव्हाऱ्यात ठिवतो. ह्यांनी लगीच पिशवीत घालून दिल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा हात कपाटाच्या दारावरच राहिला. "तुम्हाला पायजे हुत्या? मग बोलायचं न्हाई का, भावजी?"

मी म्हणालो, तसं काही नाही, सहज विचारलं. निळा वाडगा घेऊन घरी आलो. कळंब्याच्या त्या आजींना मी कधी पाहिलेलं नाही. डॉक्टरांचा मी जन्मभर हेवा केला, पण त्या म्हातारीचा जेवढा वाटतो तेवढा त्यांचाही कधी वाटला नव्हता.